चकव्याची जहाजे : एका नाकारलेल्या तबकडीचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानास येणारा श्रोता गड, तह, सनदा आणि बखरी यांची अपेक्षा धरून येतो, हे आम्हास ठाऊक आहे. अशा श्रोत्यापुढे पस्तीस मिनिटांची एक इंग्रजी तबकडी ठेवावयाची, म्हणजे थोडे धार्ष्ट्याचेच काम. त्यातून ती तबकडी पॉप संगीताची, सिंथेसायझरसारख्या विजेच्या वाद्यावर वाजविलेली, आणि निघाली त्याच वर्षी समीक्षकांनी निकालात काढलेली! तरीही आम्ही ती निवडली. समकालीनांचा निवाडा आणि नंतरच्यांचा निवाडा यांत अंतर का पडते, हा इतिहासाचा जुना प्रश्न आहे. आणि या तबकडीच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे कागद अजून वाळलेले नाहीत.

तबकडीचे नाव 'डॅझल शिप्स'. ४ मार्च १९८३ रोजी ती इंग्लंडात निघाली. वाजविणारे चौघे जण लिव्हरपूल बंदराच्या पलीकडच्या तीरावरील विरल या भागातून पुढे आलेल्या एका संचातले होते. त्या संचाचे नाव 'ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क'. एवढे लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून सगळे जण 'ओ.एम.डी.' म्हणत, आपणही तेच म्हणू. अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज हे त्यातले दोघे शाळकरी वयापासूनचे मित्र. माल्कम होम्स तालवाद्ये सांभाळी आणि मार्टिन कूपर कळफलक.

आता या नावाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण ती खरोखरीच इतिहासाची आहे. १९१७ च्या फेब्रुवारीपासून जर्मनीने पाणबुड्यांचे निर्बंधरहित युद्ध सुरू केले आणि ब्रिटिश मालवाहू जहाजे धडाधड बुडू लागली. जहाज समुद्रावर लपवावयाचे कसे? आकाश घटकेत निळे, घटकेत राखी. शिवाय धुराड्यातून निघणारा धूर कोसांवरून दिसतो. नौदलात असलेल्या नॉर्मन विल्किन्सन नावाच्या एका सागरचित्रकाराने प्रश्नच उलटा केला. जहाज लपत नसेल तर लपवू नका, ते डोळ्यांत भरेल असेच रंगवा. मात्र ते कोणत्या दिशेला चालले आहे आणि किती वेगाने, हे कळू देऊ नका. पाणबुडीचा कप्तान पाणतीर सोडतो तो जहाज आता जेथे आहे तेथे नव्हे, तर थोड्या वेळाने जेथे असेल तेथे. त्याचा अंदाज चुकला की तीर वाया गेला. तेव्हा काळेपांढरे तिरपे पट्टे, निळे-हिरवे त्रिकोण, नाळेवर खोटी वळणे असे चट्ट्यापट्ट्यांचे रंगकाम दोन हजारांहून अधिक जहाजांवर करण्यात आले. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, रात्रीच्या वाटसरूला 'चकवा' लागतो असे म्हणतात. वाट समोर दिसत असते आणि माणूस भलतीकडेच चालत राहतो. 'डॅझल शिप्स' म्हणजे अशी चकव्याची जहाजे. या युक्तीने जहाजे नक्की किती वाचली, याचा निर्णायक पुरावा मात्र युद्धानंतरच्या चौकशीतही मिळाला नाही. खलाशांना धीर आला, एवढे मान्य झाले.

लिव्हरपूलच्या गोदीत या रंगकामावर देखरेख करणाऱ्यांत एडवर्ड वॅड्सवर्थ नावाचा चित्रकार होता. त्याने १९१९ साली कोरड्या गोदीत उभ्या असलेल्या अशा जहाजांचे एक मोठे चित्र काढले. ते आज कॅनडातील ओटावा येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. ओ.एम.डी.ची वेष्टने सजविणारा पीटर सॅव्हिल याने हे चित्र मंडळींच्या नजरेस आणले आणि तबकडीला नाव मिळाले. वेष्टनही चित्रासारखेच पट्ट्यापट्ट्यांचे, जागोजागी आरपार कापलेले केले. लिव्हरपूलच्या पोरांना लिव्हरपूलच्याच गोदीतले नाव मिळावे आणि तेही ओटावामार्गे, हा योग मौजेचा खरा.

नाव किती समर्पक होते, हे कळावयाला आधीची तीन-चार वर्षे पाहिली पाहिजेत. १९७५ च्या सप्टेंबरात जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क' या मंडळींचा प्रयोग लिव्हरपुलात झाला. तो ऐकून सोळा वर्षांच्या मॅक्लस्कीची दिशा ठरली. गिटार झोडपीत गाणाऱ्यांच्या गर्दीत हे दोघे मित्र जुने रेडिओ मोडून त्यांतून आवाज काढू लागले. १९७८ साली त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. त्यात वाजविणारे दोघेच. सोबतीला 'विन्स्टन' असे बारसे केलेले एक टेपरेकॉर्डर यंत्र! १९८० साली त्यांचे 'इनोला गे' हे गाणे गाजले. इनोला गे म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब टाकणारे विमान. वैमानिकाने त्याला स्वतःच्या आईचे नाव दिले होते. गाण्याची चाल मात्र अशी की लग्नाच्या वरातीत वाजवावी. लोक नाचले, आणि आपण कशावर नाचतो आहोत हे कित्येकांच्या ध्यानातही आले नाही. १९८१ मध्ये 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी' ही दीर्घ तबकडी निघाली. तीतील तीन गाणी ब्रिटनच्या पहिल्या पाचांत पोचली; त्यांपैकी दोन एकट्या जोन ऑफ आर्कवर होती! जगभर मिळून त्या तबकडीच्या तीस लाखांवर प्रती खपल्या.

अशा यशानंतर व्यापारी डोक्याचा माणूस काय करील? तेच पुन्हा. कंपनीची अपेक्षा तीच होती, आणि ती अगदीच गैर होती असे आम्ही म्हणणार नाही. पैसा तिचा होता. या मंडळींनी मात्र भलतेच केले. त्यांनी रेडिओ लावला.

येथे थोडे थांबून आमच्या पिढीच्या एका आठवणीकडे वळू द्या. रात्रीची जेवणे आटोपली, की घरातला वडीलधारा माणूस रेडिओची सुई शॉर्ट वेव्हवर हळूहळू फिरवू लागे. पंचवीस मीटरवर सिलोन लागे. पण सिलोनपर्यंत पोचताना वाटेत मॉस्को, पेकिंग, लंडन आणि ज्यांची नावेही लागू नयेत अशी स्टेशने कानांवरून जात. खरखर, शिट्टी, एखाद्या अनोळखी भाषेतला बातमीदार, पुन्हा खरखर. मधूनच एखादी छोटी धून पुन्हा पुन्हा वाजे. ती त्या केंद्राची संकेतधून. श्रोत्याने अंधारात आपले घर ओळखावे म्हणून दारात लावलेला दिवाच जणू. आपल्या आकाशवाणीची शिवरंजनीच्या स्वरांतली धून कोणाला ठाऊक नाही? ती धून वॉल्टर कौफमन यांनी रचली असे सामान्यतः मानले जाते. हे गृहस्थ बोहेमियातले. कार्ल्सबादला जन्मले, प्रागमध्ये शिकले, आणि नात्झींचे सावट पडताच १९३४ साली मुंबईस आले. पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. एका प्रागकराने दिलेली खूण आपण वर्षानुवर्षे रोज सकाळी ऐकली.

'डॅझल शिप्स' तबकडीची सुरुवात होते तीही प्रागच्याच संकेतधुनीने. पहिल्या तुकड्याचे नावच 'रेडिओ प्राग'. त्यात गायन नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या नभोवाणीची तुतारी आणि निवेदन, एवढेच. पॉप गाण्याची तबकडी म्हणून दुकानातून आणावी, सुई टेकवावी आणि कानी पडावी ती पोलादी पडद्यामागच्या एका साम्यवादी राष्ट्राची नभोवाणी! गिऱ्हाईक गांगरले यात नवल ते काय?

पुढचा मालही तसाच. 'टाइम झोन्स' या तुकड्यात निरनिराळ्या देशांतली टेलिफोनवर वेळ सांगणारी बोलकी घड्याळे एकात एक मिसळून बोलतात. प्रत्येकाची भाषा निराळी, प्रत्येकाची वेळ निराळी, आणि प्रत्येकाला आपलीच वेळ खरी याची खात्री. 'जेनेटिक इंजिनिअरिंग' या गाण्यात मुलांना स्पेलिंग शिकविणारे, १९७८ साली बाजारात आलेले टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे एक खेळणे बोलते. शीर्षकाच्या तुकड्यात जहाजाचे भोंगे, यंत्रांची धडधड आणि पाण्याखाली घुमणारे टणत्कार आहेत. 'इंटरनॅशनल' हे गाणे एका बातमीने सुरू होते. निकाराग्वातल्या एका मुलीचे दोन्ही हात, पदच्युत सोमोझाच्या पूर्वीच्या रक्षकदलातील लोकांनी मनगटापासून तोडले, ही ती बातमी. निवेदिका ती सपाट आवाजात वाचते. बातमी संपते, मग संथ लयीत गाणे सुरू होते, आणि मॅक्लस्कीचा स्वर हळूहळू चढत जातो. विजेच्या वाद्यांत हृदय नसते असे म्हणणाऱ्यांनी हे गाणे ऐकले होते की नाही, अशी आम्हास शंका आहे.

समीक्षकांनी काय म्हटले? त्यांचा सूर सांगतो. ही मंडळी स्वतःला फार मोठे समजू लागली, गाणी संपली म्हणून आवाज जमवून भरती केली, हा ढोंगीपणा आहे, असा तो सूर. लंडनच्या संगीत साप्ताहिकांना असे निवाडे खुसखुशीत भाषेत द्यावयाची सवय होती. जुन्या लौकिकावर तबकडी ब्रिटनच्या यादीत पाचव्या स्थानापर्यंत चढली, आणि तितक्याच वेगाने उतरली. 'जेनेटिक इंजिनिअरिंग' विसाव्या स्थानी अडकले. 'टेलिग्राफ' हे दुसरे गाणे पहिल्या चाळिसांतही आले नाही. आधीच्या तबकडीच्या तीस लाखांच्या जागी आता तीन लाख प्रती, असा हिशेब स्वतः मॅक्लस्कीने पुढे अनेकदा सांगितला आहे. दहांतले नऊ श्रोते उठून गेले.

समीक्षक अगदीच आंधळे होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हास ते मान्य नाही. त्यांच्या आरोपात तथ्य होते. नवी गाणी खरोखरीच कमी पडली होती. 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप' आणि शेवटचे 'ऑफ ऑल द थिंग्ज वी हॅव मेड' ही दोन्ही आधीच्या लहान तबकड्यांच्या मागल्या बाजूंवरून उचललेली. 'रेडिओ वेव्ह्ज' तर त्यांच्या ओ.एम.डी.पूर्वीच्या संचाच्या काळातले. 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री' हा तुकडा आम्ही पाच-सहा वेळा ऐकला. तो आम्हास आजही अर्धवटच वाटतो. कल्पना आहे, पण ती कल्पनेपलीकडे गेलेली नाही. तेव्हा कारागिरीच्या तपशिलात समीक्षकांचे बरेचसे बरोबर होते. ते चुकले ते दिशेच्या अंदाजात. पाणबुडीतल्या कप्तानाप्रमाणेच त्यांना जहाज स्वच्छ दिसत होते. ते कोठे चालले आहे हे मात्र कळले नाही. त्यांना वाटले, ही गाणी लिहिणाऱ्यांची तबकडी आहे आणि गाणी कमी पडली. वस्तुतः त्या दोन-तीन वर्षांत पृथ्वीभोवतीच्या हवेत जे आवाज भरून राहिले होते, त्यांचे ते एक टिपण होते आणि गाणी त्या टिपणातली पाने होती.

त्या हवेत काय होते, हे आज तारखा जुळवून पाहिले की ध्यानात येते. आदल्याच वर्षी, १९८२ च्या एप्रिल ते जूनमध्ये, फॉकलंडचे युद्ध होऊन ब्रिटनची जहाजे पुन्हा एकदा बुडाली होती. तबकडी निघाल्यावर तीन आठवड्यांच्या आत, २३ मार्च १९८३ रोजी, अध्यक्ष रेगन यांनी अंतराळातून क्षेपणास्त्रे अडविण्याची योजना जाहीर केली. १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले. २६९ माणसे गेली. क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर जग अणुयुद्धाच्या इतके जवळ त्याच वर्षी आले होते, असे अनेक इतिहासकार मानतात. अशा वेळी प्रागची तुतारी, पाणबुडीचे टणत्कार आणि एकमेकांचे न ऐकणारी घड्याळे एकत्र बांधणाऱ्याला 'आवाज जमवून भरती केली' असे म्हणणे म्हणजे बखरकाराला 'नुसती पत्रे जमवली' म्हणण्यासारखे आहे.

या प्रकरणात आम्हास सर्वांत चटका लावते ते निराळेच. समीक्षकांचा निवाडा कर्त्यांनी मान्य केला. मंडळी बिचकली. पुढच्याच वर्षी 'जंक कल्चर' ही तबकडी आली, ती उजळ, नाचरी आणि सावध. १९८६ साली एका अमेरिकी चित्रपटासाठी केलेले 'इफ यू लीव्ह' हे त्यांचे गाणे तिकडच्या यादीत चौथ्या स्थानी गेले. पैसा मिळाला, नाव झाले. ती गाणी वाईट नाहीत, आम्हीही गुणगुणतो. पण चोविशीच्या आसपासच्या या तरुणांनी जी वाट धरली होती, ती ज्या वळणावर सोडली, त्याच्या पुढे काय होते? चुकीचा निवाडा पंचवीस वर्षांनी फिरविता येतो. त्या निवाड्यामुळे जे लिहिलेच गेले नाही, ते कोणत्याही फेरविचाराने परत येत नाही. १९८९ साली हम्फ्रीजने संच सोडला. २००६ मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली.

आणि २००८ साली ही तबकडी 'रीमास्टर' होऊन पुन्हा बाजारात आली. हा शब्द हल्ली फार ऐकू येतो म्हणून दोन ओळी. संगीतिकेचे सगळे सूर मिसळून झाल्यावर जी अंतिम फीत तयार होते, तिला मास्टर म्हणतात. ती फीत पुन्हा वाजवून नव्या यंत्रांनी अधिक बारकाईने उतरवून घ्यावयाची, खर्ज आणि तार यांचा तोल पाहावयाचा, पातळी सारखी करावयाची, म्हणजे रीमास्टरिंग. यात नवे वाद्य येत नाही, जुना सूर बदलत नाही. जुन्या तैलचित्रावरची धूळ आणि काळवंडलेले रोगण पुसावे तसे हे काम. त्यात व्यापारही असतोच. तोच माल नव्या वेष्टनात दुसऱ्यांदा विकावयाचा, ही कला कंपन्यांना चांगली अवगत आहे, आणि कधीकधी आवाज नुसता मोठा करून 'नवे' म्हणून गळ्यात मारतात. या तबकडीला मात्र पुसण्याचा खरा लाभ झाला. हिच्यात चाल थोडी आणि बारीक आवाज फार. खरखरीच्या मागे दबलेले निवेदन, दूरचा भोंगा, दोन घड्याळांमधली फट हे सुटे सुटे ऐकू आले, की ज्याला लोक गोंधळ म्हणत होते त्यात मांडणी दिसू लागते.

तथापि, नव्याने निकाल लागला तो फीत पुसल्यामुळे, असे आम्हास वाटत नाही. मधल्या पंचवीस वर्षांत ऐकणाऱ्याचे कान बदलले होते. १९८३ साली दुसऱ्याचा आवाज उचलून आपल्या रचनेत बसविणे विचित्र वाटे. एम्युलेटरसारखी, कोणताही आवाज पकडून कळफलकावर वाजविणारी यंत्रे नुकतीच येत होती आणि ती या मंडळींनी वापरली. पुढच्या दहा वर्षांत निम्मे लोकप्रिय संगीत त्याच रीतीने होऊ लागले. यंत्राचा सपाट आवाज गाण्यात घालणेही नवलाचे उरले नाही. ज्या तरुण वादकांनी लहानपणी ही तबकडी सवलतीच्या टोपलीतून उचलली होती, ते मोठे होऊन तिच्याविषयी बोलू लागले. २०१६ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ओ.एम.डी.ने ही तबकडी जाहीरपणे सादर केली, आणि सभागृह तिच्यासाठी भरले. २०२३ मध्ये चाळीस वर्षांनिमित्त आणखी एक आवृत्ती निघाली, तीत आधी बाहेर न आलेले कच्चे खर्डेही आहेत.

येथे आमच्याकडच्या एका तबकडीची आठवण होते. १९८२ साली मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या तीन विद्युत्‌यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून ध्वनिमुद्रित केले. तिच्यावर कोणी टीका केली नाही. टीका करावी इतके लक्षच कोणी दिले नाही. २०१० साली हॉलंडमधून ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी रसिक चकित झाले, आणि सत्तरीच्या या कलावंताला उतारवयात युरोपात कार्यक्रम करावयाची संधी मिळाली. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. निंदा आणि उपेक्षा यांत बरी कोणती, हे आम्हास अजून ठरविता आलेले नाही. निंदेला निदान उत्तर देता येते.

मात्र 'डॅझल शिप्स'चे आजचे मोल आम्ही कानांच्या बदलापेक्षाही वेगळ्या ठिकाणी मानतो. तिच्यातले बहुतेक आवाज आता जगात उरलेले नाहीत. ज्या चेकोस्लोव्हाकियाची तुतारी सुरुवातीस वाजते, तो देश १ जानेवारी १९९३ रोजी दोन राष्ट्रांत विभागला. रेडिओ प्रागने शॉर्ट वेव्हवरचे प्रक्षेपण २०११ च्या आरंभी थांबविले. २००८ च्या आवृत्तीत जोडलेल्या जादा तुकड्यांत स्विस रेडिओ इंटरनॅशनलची खूण आहे. ते केंद्र २००४ मध्येच बंद झाले होते. टेलिफोनवरची बोलकी घड्याळे एकेक करून गप्प होत आहेत. रात्री सुई फिरविताना आमच्या कानांवरून जे जग जात असे, त्याचा आवाज कोणत्या दफ्तरखान्यात जपलेला आहे? ज्या चार पोरांना 'आवाज जमविले' म्हणून लोक हसले, त्यांच्या तबकडीत त्याचा काही अंश आहे. तो आम्ही प्रथम ऐकला तेव्हा संगीताचा विचार मनात आलाच नाही. अंधाऱ्या माजघरात रेडिओच्या काचेमागचा पिवळा दिवा तेवढा दिसला.

ज्यांना ऐकावयाची इच्छा होईल त्यांनी ती सुटी सुटी ऐकू नये, सलग ऐकावी. पस्तीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. मध्येच कंटाळा आला तर तो येऊ द्यावा, आम्हासही येतो. 'इंटरनॅशनल'पर्यंत मात्र उठू नये. आणि शक्य असल्यास दिवा मालवून, रात्री साडेदहानंतर ऐकावी. ज्या वेळी पूर्वी सिलोन स्पष्ट लागत असे.